घरच्या घरी ध्वनिमुद्रण : कोणते सॉफ्टवेअर कोणत्या कामाचे?

आंबेडकरी गायन हे मुळात तोंडपाठ चालत आलेले गायन आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशांनी जागृतीचे मोठे काम केले. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली आणि खेडोपाडी जाऊन गायिली. पुढे कॅसेटचा काळ आला व प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. परंतु गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी-ढोलकीवर स्वतःची गीते गाणारे जे गायक होऊन गेले, त्यांतील बहुतेकांपर्यंत कॅसेट कंपनी पोहोचली नाही. शब्द वहीत राहिले, चाल मात्र गायकाबरोबर गेली. चाल कागदावर उतरत नाही.

आज ही अडचण उरलेली नाही. घरात लॅपटॉप असेल तर ध्वनिमुद्रण घरीच होऊ शकते. मात्र त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ असतो. 'महाग तेच चांगले' हा समजही आढळतो. म्हणून प्रस्तुत लेखात नेहमीच्या वापरातील सॉफ्टवेअरची तुलना आम्ही करीत आहोत.

या प्रकारच्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. माइकमधून आलेला आवाज संगणक सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० आहे, तर व्हिडिओसाठी ४८,०००. असा मोजलेला आवाज पडद्यावर एका पट्टीत दिसतो. तिला ट्रॅक म्हणतात. बँकेत जसे प्रत्येकाचे खाते वेगळे, तसा गायकाचा ट्रॅक वेगळा, पेटीचा वेगळा, ढोलकीचा वेगळा. ढोलकी जास्त वाजली तर फक्त तिचा आवाज कमी करता येतो. मात्र त्यासाठी प्रत्येकाला वेगळा माइक हवा, किंवा एकामागून एक मुद्रण करायला हवे.

पहिले नाव ऑडॅसिटीचे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली व २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. ते पूर्णतः मोफत असून साध्या, जुन्या लॅपटॉपवरही चालते. एक गायक, एक माइक एवढेच काम असेल तर याहून अधिक कशाचीही गरज नाही. घरातील जुन्या कॅसेट संगणकावर घेण्यासाठीही हेच सोयीचे. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला किंवा ऑडिओ इंटरफेसला जोडावी. गाण्याआधीच्या शांत भागातील खरखर नमुना म्हणून दाखविली की ऑडॅसिटी ती बरीचशी काढून टाकते. हे माफकच करावे, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

दुसरे रीपर. विनॅम्प हे गाणी वाजविण्याचे सॉफ्टवेअर अनेकांच्या स्मरणात असेल. ते करणारे जस्टिन फ्रँकेल यांचेच हे काम. ६० दिवस संपूर्ण सॉफ्टवेअर वापरून पाहता येते, त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला आहे. ते आकाराने लहान आणि वेगाने चालणारे आहे. चार-पाच जणांचे मंडळ, चार-पाच माइक आणि नंतर प्रत्येक आवाजाची मांडणी असे काम असेल तर आमच्या मते हेच घ्यावे. शिकायला मात्र ऑडॅसिटीपेक्षा वेळ लागतो.

तिसरे एफएल स्टुडिओ. डीजेच्या छंदामुळे तरुणांना याची ओढ अधिक. ठेक्याचे लहान तुकडे रचून गाणे उभे करण्यात त्याचा हात धरणारे थोडे. परंतु त्याच्या मोफत नमुना आवृत्तीत जतन केलेले काम पुन्हा उघडता येत नाही. ठेका रचणाऱ्याने ते घ्यावे, गायकाने नव्हे.

मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स किंवा क्यूबेस असते. प्रो टूल्सची आठ ध्वनिट्रॅकची मोफत आवृत्ती २०२२ साली आली. तथापि घरच्या कामासाठी तिच्याच मागे लागण्याचे कारण नाही. लॅपटॉप नसेल तर फोनवर बँडलॅब मोफत मिळते. ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड आहे. फोनचा माइक साधा असला तरी काहीच न राहण्यापेक्षा तेवढे राहिलेले बरे.

ढोलकीवाल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. हेडफोनवर स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला की ठेका चुकतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या आणि सॉफ्टवेअरमधील बफर १,०२४ असेल तर केवळ बफरमुळे सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो. २५६ केला तर सुमारे ५. ध्वनिमुद्रणाच्या वेळी बफर कमी ठेवावा, नंतरच्या मांडणीच्या वेळी वाढवावा. तसेच ही सॉफ्टवेअर सुरुवातीला चार मात्रांचा ठोका गृहीत धरतात. दादरा असेल तर सहा मात्रा लावाव्यात आणि गायक लय मोकळी ठेवून गात असेल तर ठोका बंदच करावा. यंत्राने गायकाच्या मागे जावे, गायकाने यंत्राच्या मागे नव्हे.

सॉफ्टवेअरपेक्षाही खोलीचा परिणाम मोठा असतो. आपले मलकापूर भुसावळ-नागपूर रेल्वेमार्गावरचे, शेजारून राष्ट्रीय महामार्ग. त्यात उन्हाळ्यात कूलर. तेव्हा पहाटेची वेळ साधावी, पंखा-कूलर बंद ठेवावा, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी अंथरावी. माइक तोंडापासून वीतभर दूर ठेवावा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास असावी. लाल खूण लागली की आवाज फाटला आणि फाटलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर शिवून देत नाही. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा.

फुकट मिळते म्हणून 'क्रॅक' केलेले महागडे सॉफ्टवेअर टाकण्याची पद्धत आहे. नोकरीच्या अनुभवावरून आम्ही कळकळीने सांगतो, ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचा व्यवहार करतो, त्यात अनोळखी फाईल घेणे म्हणजे तिजोरीची किल्ली दाराबाहेर ठेवणे. ऑडॅसिटी कायद्याने मोफत असताना ही जोखीम कशासाठी?

आता सर्वांत महत्त्वाचे, जतन. केकवॉक हे जुने, नावाजलेले सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालक कंपनी गिब्सनने त्याचे काम थांबविले. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतले म्हणून निभावले. अशी वेळ कोणत्याही सॉफ्टवेअरवर येऊ शकते. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक आणि पूर्ण गाणे 'वेव्ह' स्वरूपात काढून ठेवावे. ती फाईल जवळपास सर्वत्र उघडते. सीडीच्या दर्जाचे एक मिनिट सुमारे १० मेगाबाइट जागा घेते, म्हणजे पाच मिनिटांचे गाणे पन्नास. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी पेन ड्राइव्हवर, तिसरी दुसऱ्याच्या घरी. एमपी३ फक्त पाठविण्यापुरते. फाईलच्या नावात गीतकार, गायक, गाव आणि तारीख असावी. दुसऱ्याचे गीत प्रसिद्ध करायचे असेल तर परवानगी घ्यावी; आपल्या कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.

सारांश असा : एक आवाज किंवा जुनी कॅसेट असेल तर ऑडॅसिटी, पूर्ण मंडळ असेल तर रीपर, ठेका रचायचा असेल तर एफएल स्टुडिओ, लॅपटॉप नसेल तर फोन. यातले काहीही शिकायला आणखी वेळ मिळेल. परंतु ऐंशी वर्षांच्या गायकाचा गळा आपल्यासाठी थांबणार नाही. संस्थेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका वृद्ध गायकाची किंवा गायिकेची पाच गीते यंदा ध्वनिमुद्रित करावीत. यंत्र साधे असले तरी चालेल.