कळसूबाईचं पाणी जातं कुणाकडं?

श्रावणात नगर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात एकच चौकशी असते, "भंडारदरा किती भरलं?" आमच्यातला श्रीरामपूरचा मित्र पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढतानाही तेच विचारत होता. समोर १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, आणि गड्याचं चित्त धरणाच्या टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत!

हे शिखर जिच्या नावाचं, ती कळसू कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर ती कामाला राहिली. एकदा पाहुणे आले, अट मोडली. काम उरकून ती जी डोंगरावर गेली, ती परतलीच नाही. तिनं भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. मोलकरणीचं शिखर झाल्याची ही गोष्ट मला कुठल्याही किल्ल्याच्या बखरीपेक्षा जवळची वाटते. नवरात्रात तिच्या देवळापाशी जत्रा भरते. अवघड टप्प्यांवर आता लोखंडी शिड्या आहेत. पावसात त्यांचे कठडे इतके गार पडतात की बोटं आखडतात.

माथ्यावर धुकं फाटलं तेव्हा दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय दिसला. "आपण चढलो त्या उतारावरचं पाणी तिथंच जाणार," मित्र म्हणाला. चहावाला बारीचाच. "नाय दादा, हितलं पाणी कृष्णवंतीला. ती वाकीच्या तळ्यावरून जाऊन धरणाच्या खाली प्रवरेला मिळती." म्हणजे बारीच्या अंगाचा पाऊस भंडारदऱ्याला चुकवून थेट खालच्या निळवंडे धरणात पोचतो. जलाशय भरतो तो रतनगड-घाटघरच्या पावसावर.

दुपारी धरणाजवळच्या शेंडी गावात उतरलो. भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत अकरा टीएमसी पाणी अडवते. १९६९ साली तिला तडे गेले, तेव्हा भिंतीच्या मजबुतीचं मोठं काम करावं लागलं. भिंतीखाली फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत ही आठवण कुणी काढत नाही. पुढं रतनवाडीला अमृतेश्वराच्या बारवेतल्या कोनाड्यांतल्या विष्णुमूर्ती पाहिल्या, पण वेळ थोडा होता.

हे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेलं आणि तिथं साखर कारखानदारी उभी राहिली. कालव्याच्या पाण्यासाठीचा सात नंबरचा अर्ज, पाण्याची पाळी म्हणजे आवर्तन, हे शब्द तिथल्या पोरांनाही पाठ. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांचा मात्र भात, नाचणी, वरई हा सगळा मामला पावसावरचा. उतार तीव्र, काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ. पावसाळाभर झोडपलेल्या या डोंगरात उन्हाळ्यात बायकांना हंडा घेऊन झरा शोधावा लागतो. धरणाशी माझं भांडण नाही, पण पाणलोट सांभाळणाऱ्याचा हिशेब त्या अकरा टीएमसीत कुठंच धरलेला नाही.

"खालच्यांचा हक्कच आहे," श्रीरामपूरकर म्हणाला. आमच्यातला पैठणचा मित्र इतका वेळ गप्प होता. त्यानं २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी पाणीवाटप काढलं. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावं लागतं, ते त्याला तोंडपाठ. घोटी येईपर्यंत गाडीत दोघांची जुंपली होती.