गोधडी का धुवायची?

नवरात्र जवळ आले की बीड जिल्ह्यात घरोघरी ‘दसरा काढण्याची’ धांदल उडते. गोधड्या, वाकळा, चादरी यांची गाठोडी नदीवर किंवा विहिरीवर जातात. पिळताना गोधडीचे एक टोक तुम्हीही धरले असेल. पण हे धुणे पावसाळा सरतानाच का?

अंथरुणातील धुळीमुळे काहींना सकाळी उठताच शिंका येतात. दम्याच्या रोग्याला धाप लागते. या धुळीतील मुख्य अपराधी नेदरलंड्समधील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखवून दिला. तो म्हणजे माइट. कोळ्याच्या जातकुळीतील हा आठ पायांचा जीव सुमारे ०.३ मिलिमीटर लांब असतो. तो चावत नाही. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खातो. तो पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांखाली राहिली, तर तो सुकून मरतो. म्हणून आपला कोरडा उन्हाळा त्याला मानवत नाही. पावसाळ्यात, दमट अंथरुणात मात्र तो वाढतो. दसऱ्याची वेळ किती नेमकी आहे, पाहा!

मग नुसते कडक ऊन दिले तर? उन्हाने माइट मरतील. पण त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. माइट मेले तरी ती प्रथिने मागे उरतात. ती पाण्यात विरघळतात, म्हणून साध्या पाण्यानेही बरीचशी निघून जातात. थंड पाण्यात माइट मात्र सहसा मरत नाहीत. थोडक्यात, ऊन मारते आणि पाणी काढून टाकते. दोन्ही हवीत.

विष्ठेचा कण साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो. स्थिर हवेत तो सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला दोन-अडीच मिनिटे लागतात. हवा हलत असेल तर अधिक. तेवढा वेळ तो आपल्या श्वासात जाऊ शकतो. म्हणून अंथरूण घरात झटकू नये. अंगणात झटकावे, आणि दम्याच्या रोग्याने ते काम करू नये.

चादरी व उशीचे अभ्रे ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पाण्यात धुतले, तर माइटही मरतात. एक बादली उकळते पाणी २५ अंशाच्या एक बादली पाण्यात मिसळले, तर तापमान किती होईल? गणिताने सुमारे ६२ अंश. बादली व कपडेही उष्णता घेतात, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तापमापीने पडताळून पाहा. उकळते पाणी मात्र मोठ्यांनीच ओतावे.

टंचाईच्या दिवसांत सगळी गोधडी धुणे कसे जमणार? तेव्हा निदान अभ्रे व चादरी आठवड्याला धुवाव्यात, आणि गोधडी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात तापवावी. ऊसतोडीच्या कोपीवरही हे जमते; उन्हाला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट विसरू नका. धुण्याने दमा बरा होत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध चालूच ठेवायचे. धुतलेली गोधडी औषधाच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे.