विद्यापीठांतील तक्रार आणि तिचा निवाडा

गुरु आणि शिष्य यांचें नातें विश्वासाचें असतें. परंतु तें समबलांचें नसतें, ही गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. ज्याच्या सहीवांचून प्रबंध पुढें सरकत नाहीं, त्या मार्गदर्शकाकडूनच छळ होऊं लागला, तर संशोधक विद्यार्थिनीनें तोंड उघडावें कोणापाशीं? विभागप्रमुख त्याचा स्नेही. संस्थाचालकांना संस्थेच्या नांवाची काळजी. घरीं सांगावें, तर शिक्षणच थांबेल हें भय. लैंगिक छळाच्या तक्रारींसंबंधीं भारतांतील विद्यापीठांना जे नियम लागू आहेत, त्यांचें मर्म या अडचणींत आहे.

१३ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘विशाखा’ खटल्याचा निकाल दिला व कामाच्या ठिकाणीं तक्रार-समिति असावी असें ठरवून दिलें. १९९९ मध्यें दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानें अशी समिति स्थापिली. ती २०१७ पर्यंत चालली. दरम्यान २०१३ सालीं संसदेनें कायदा केला आणि त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २ मे २०१६ रोजीं प्रसिद्ध झाले.

या विनियमांप्रमाणें प्रत्येक संस्थेंत अंतर्गत तक्रार समिति असावी लागते. अध्यक्षस्थानीं वरिष्ठ अध्यापिका; शिवाय दोन अध्यापक, दोन अध्यापकेतर कर्मचारी आणि स्त्रियांसाठीं काम करणाऱ्या संस्थेंतील बाहेरची एक व्यक्ति. प्रकरण विद्यार्थ्यांचें असेल, तर निवडून आलेले तीन विद्यार्थीहि बसतात. निदान निम्मे सभासद स्त्रिया असाव्यात. कुलगुरु, कुलसचिव, विभागप्रमुख अशा अधिकाऱ्यांना मात्र समितींत स्थान नाहीं. ज्यांच्या हातीं सत्ता, त्यांच्याच हातीं चौकशी असूं नये, हा त्यांतील हेतु.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावयाची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळूं शकतात. लिहितां येत नसेल, तर समितीनें साहाय्य करावें. सात दिवसांत तक्रारीची प्रत दुसऱ्या पक्षास जाते, दहा दिवसांत त्याचें उत्तर येतें आणि ९० दिवसांत चौकशी संपवावी लागते. दोन्ही पक्षांस आपली बाजू मांडावयास मिळते, नांवें गुप्त राखलीं जातात. चौकशी चालू असतां तक्रारदार विद्यार्थिनीचें काम वा परीक्षा तपासण्यास त्या अध्यापकाला मनाई करतां येते. आरंभीं सांगितलेल्या भयावर हाच खरा उतारा होय.

खोटी तक्रार दुष्ट बुद्धीनें केली, तर तीहि दंडास पात्र आहे. परंतु पुरावा अपुरा पडला म्हणजे तक्रार खोटी, असा अर्थ काढावयाचा नाहीं, हें विनियमांत स्पष्ट आहे.

जात, धर्म, भाषा, अपंगत्व इत्यादि कारणांनीं होणाऱ्या भेदभावासाठीं आयोगानें २०१२ सालीं निराळे विनियम केले. भेदभावविरोधी अधिकारी नेमावा व ६० दिवसांत निर्णय द्यावा, असें त्यांत सांगितलें होतें. तत्त्व तेंच: दुर्बलाचें गाऱ्हाणें ऐकणारा कोणी तरी ठरलेला असावा, आणि त्याला मुदत असावी.

तथापि समिति शिफारस करते; शिक्षा संस्थेच्या अधिकाऱ्यांनींच द्यावयाची असते. समितीचीं नांवें फलकावर नसतील, तर विद्यार्थिनी जाणार कोठें? आणि ती गप्प बसून विचार करीत असतां ते तीन महिने निघून जातात. ज्यांच्या मुली महाविद्यालयांत शिकत असतील, त्यांनीं फी भरतांना वसतिगृहाची चौकशी करावी, तशीच या समितीचीहि करावी. आणि मुलीला आधींच सांगून ठेवावें कीं, असा प्रसंग आल्यास शिक्षण थांबणार नाहीं, घर तिच्या पाठीशीं राहील. एवढा धीर घरांतून मिळाला, तरच कागदावरचा नियम तिच्या उपयोगीं पडतो.