जपानी सुऱ्या व त्यांचें पोलाद

आपल्या घरीं विळीचें पातें स्थिर असतें व भाजी त्याच्याकडे जाते. जपानांत भाजी वा मासा फळीवर स्थिर राहतो आणि पातें त्याच्याकडे येतें. सुरी अशी हातांत खेळवावयाची असल्यामुळें तेथील लोहारांनीं तिच्या पात्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी बुद्धि खर्च केली, ती खरोखर पाहण्याजोगी आहे. हल्लीं देशोदेशींचे हौशी लोक ह्या हातघडणीच्या सुऱ्यांचा संग्रह करितात. त्यांपैकीं पुष्कळांची दृष्टि पात्यावरील नक्षीपलीकडे जात नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. म्हणून सुरी कशाची बनते, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ओसाका शहराजवळील साकाई हें ह्या धंद्याचें मोठें माहेरघर. पोर्तुगीज लोक सन १५४३ मध्यें जपानांत पोंचले. पुढें त्यांच्या मागोमाग तंबाखूही आली, आणि तिचीं पानें बारीक चिरण्यासाठीं साकाईच्या लोहारांनीं सुऱ्या घडविल्या. त्या इतक्या चांगल्या उतरल्या कीं, तोकुगावा सरकारानें त्यांस आपली मोहर दिली. सन १८७६ मध्यें मेइजी सरकारानें कमरेस तलवार लावून हिंडण्यास बंदी केली, तेव्हां तलवारी घडविणाऱ्या कित्येक कारागिरांस सुऱ्या, कोयते व इतर हत्यारें ह्यांकडे वळावें लागलें. सेकी, एचिझेन, सान्जो व शिकोकू बेटावरील तोसा हीं ह्या धंद्याचीं आणखी नामांकित ठिकाणें होत.

आतां मुख्य विषय जो पोलाद, त्याकडे वळूं. शुद्ध लोखंड मऊ असतें. त्यांत अल्प प्रमाणांत कर्ब, म्हणजे कार्बन, मिसळला कीं तें पाणी देण्याजोगें पोलाद होतें. जपानी सुरींतील पोलादांत हें प्रमाण बहुधा शेंकडा एक ते दीडच्या दरम्यान असतें. ह्या कामाचें नामांकित पोलाद शिमाने प्रांतांतील यासुगी गांवीं होतें. तेथील कारखाना दीर्घकाळ हिताची मेटल्स ह्या कंपनीचा होता; २०२३ पासून त्या कंपनीचें नांव प्रोटेरियल असें झालें आहे. तेथील दोन पोलादें संग्राहकांच्या तोंडीं नेहमीं असतात: ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद, आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद. नांवें ऐकून पोलाद पांढरें किंवा निळें असेल असें कोणास वाटेल. पण हे रंग केवळ त्याच्या पट्ट्यांवर चिकटविलेल्या कागदाचे! पांढऱ्यांत लोखंड व कर्ब ह्यांवांचून फारसें कांहीं नसतें, आणि गंधक व स्फुरद हे दोष फारच कमी असतात. त्यामुळें त्यास धार लवकर व अति सूक्ष्म लागते. निळ्यांत शेंकडा एक-दीड टंगस्टन व थोडें क्रोमियम घालतात. त्यानें धार अधिक दिवस टिकते, परंतु सहाणेवर श्रम थोडे अधिक पडतात.

कठीण पोलाद ठिसूळ असतें. सबंध सुरी त्याचीच केली तर ती दगडावर पडतांच मोडावयाची. म्हणून लोहार मऊ लोखंडाची पट्टी घेऊन तिजवर पोलादाचा तुकडा ठेवतो, मध्यें टांकणखार व लोखंडाचा कीस पसरतो, आणि भट्टींत तापवून घणाखालीं दोन्ही एकजीव करितो. मासे कापण्याच्या सुरीस एकाच बाजूनें उतार असतो. तिच्या पाठीमागची बाजू किंचित् खोलगट ठेवितात, म्हणजे कापलेली चकती पात्यास चिकटून राहत नाहीं. नंतर पाणी देण्याचा प्रसंग. पातें सुमारें आठशें अंश उष्णतेस आलें कीं तें पाण्यांत बुडवावयाचें. हा क्षण जुना लोहार रंगावरून ओळखतो, आणि रंग नीट दिसावा म्हणून भट्टीची खोली अंधारी ठेवितो. पुढें तें पातें सुमारें १८० अंशांवर पुन्हां हलकेंच तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करितात. केवळ पोलादाचें एकसंध पातें घडविण्याचीही रीत आहे, तिला ‘होन्याकी’ म्हणतात. तींत पाठीवर मातीचा लेप देऊन धारेसच पुरें पाणी चढवितात. परंतु कित्येक पातीं पाण्यांतच तडकतात, म्हणून तिची किंमत भारी.

लाटांसारखी नक्षी असलेल्या सुऱ्या बाजारांत फार खपतात. ती नक्षी बहुधा बाहेरच्या मऊ थरांची असते. कापतें तें आंतलें पोलाद, आणि तें नक्षीवरून कळत नाहीं. आमच्या मतें नक्षीपेक्षां घडण पाहावी: पातें सरळ आहे कीं नाहीं, धारेकडे तें बारीक होत गेलें आहे कीं नाहीं, होनोकी लांकडाच्या मुठीशीं म्हशीच्या शिंगाची कडी नीट बसली आहे कीं नाहीं. पात्यावर कोरलेल्या नांवाचाही अर्थ समजून घ्यावा. साकाईस घडणारा एक, धार लावणारा दुसरा व मूठ बसविणारा तिसरा. आणि कोरलेलें नांव पुष्कळदां ह्या तिघांपैकीं कोणाचेंच नसून व्यापाऱ्याचें असतें. ज्याच्या घणाखालीं सुरी जन्मली त्याचें नांव ग्राहकास ठाऊकच नसावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. अलीकडे कांहीं व्यापारी तें सांगूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

हें पोलाद गंजतें. कैरी किंवा कांदा चिरल्यावर आपली लोखंडी विळी जशी काळवंडते, तशी हीही काळवंडते. तो काळसर थर राहूं द्यावा, तांबडा गंज मात्र लागलीच काढावा. काम होतांच पातें पुसून कोरडें करावें, आणि हाडावर किंवा नारळाच्या करवंटीवर तें कधींही चालवूं नये. मुलांनीं वडील माणसांवांचून तिला हात लावूं नये, हें वेगळें सांगणें नलगे.

कांहीं संग्राहक सुरी पेटींतून बाहेरच काढीत नाहींत. आम्हांस तसा संग्रह अर्धा वाटतो. कारण पोलादाचा गुण सहाणेवर व फळीवरच कळतो. जपानांतील जुन्या आचाऱ्यांपाशीं अशा सुऱ्या पाहावयास मिळतात कीं, त्यांचें हातभर पातें वर्षानुवर्षें सहाणेवर झिजून वीतभर उरलेलें असतें, आणि तें अजून रोज मासा कापीत असतें.