दाराची वीज कुठे अडली?

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते. आपल्या भंडारा जिल्ह्यातले मे महिन्याचे ऊन कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही आपल्या जुन्या मोटारीने साकोलीहून परत आलो. मोटार अंगणाबाहेर उभी केली. पिशव्या उतरवायच्या म्हणून चालकाचे दार उघडेच ठेवले. किल्लीही आत सीटवरच राहिली.

आम्ही पिशव्या घेऊन घरात गेलो. तेवढ्यात शेजारचा चार वर्षांचा पोरगा मोटारीत चढला. त्याने दार ओढून घेतले. 'खट्' असा आवाज झाला आणि चारही दारांना आपोआप कुलूप लागले.

त्याची आई ओरडतच आली. "गुरुजी, पोरगा गाडीत अडकला जी! दार खुलत नाही!"

आम्ही धावलो. दुसरी किल्ली मुलाकडे नागपूरला होती. "बाळा, ती खुंटी वर ओढ," असे आम्ही काचेतून सांगत होतो. पण पोरगा घाबरून रडत होता. त्याला काही समजेना. शेवटी हातोडी आणली. पोरगा पुढे होता, म्हणून पलीकडच्या बाजूची मागची काच फोडली आणि हात घालून दार उघडले. पोरगा घामाने न्हाला होता. त्याला सावलीत नेले, अंग ओले केले, घोट घोट पाणी पाजले. पोरगा सुखरूप राहिला.

सगळ्यांचे नशीब असे नसते. २०२३ सालच्या जून महिन्यात नागपुरात तीन लहान मुले घराजवळ उभ्या असलेल्या एका मोटारीत मृत आढळली. उन्हात बंद मोटार म्हणजे भट्टीच. दहा मिनिटांत आतला उष्मा सुमारे दहा अंशांनी वाढतो. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते.

आता खरे सांगतो. चूक आमचीच होती. तीन महिन्यांपासून ही दारे मधूनच 'खट्' वाजत होती. कधी आपोआप कुलूप लागे, कधी निघे. "गाडीत भूत शिरले," असे म्हणून आम्ही हसत होतो. मोटारीत भूत नव्हते. विजेचा बिघाड होता. तो कसा शोधावा, हेच आज सांगायचे आहे.

ही कुलूपबंदी चालते कशी?

एक किल्ली फिरवली की सगळ्या दारांना कुलूप लागते. या सोयीला सेंट्रल लॉकिंग म्हणतात. काही मोटारींना ही सोय कारखान्यातूनच येते. काहींना ती मागाहून बसवतात. मारुती ८०० ही मोटार १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती. अशा साध्या मोटारींना लोकांनी ही सोय बहुधा बाजारातूनच बसवून घेतली. अशा मोटारी आपल्या गावोगावी अजून फिरतात.

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. म्हणून तलावाचाच दाखला घेऊ. तलावात पाणी असते. तोंड उघडले की पाणी पाटाने बांधीत जाते. मोटारीत बॅटरी म्हणजे तलाव. तारा म्हणजे पाट. प्रत्येक दारात एक लहानशी मोटर असते, ती म्हणजे बांधी. आणि पाणी कधी सोडायचे हे ठरवणारा माणूस म्हणजे एक लहान डबी. ही डबी बहुतेक वेळा चालकाच्या पायाजवळ किंवा डॅशबोर्डच्या मागे असते.

या डबीला हुकूम कोण देतो? चालकाच्या दारातला खटका. चालकाच्या दाराचे कुलूप फिरले की खटका दाबला जातो. डबीला निरोप पोचतो. डबी चारही मोटरींना क्षणभर वीज देते. वीज एका दिशेने गेली की कुलूप लागते. उलट दिशेने गेली की निघते. मागाहून बसवलेल्या संचात चालकाच्या दाराला बहुधा पाच तारा जातात. दोन मोटरीच्या, तीन खटक्याच्या. बाकीच्या दारांना दोनच तारा पुरतात.

पाण्यात आणि विजेत एक फरक आहे. पाणी बांधीत मुरले तरी चालते. विजेला बॅटरीकडे परत जावेच लागते. मोटारीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्याला अर्थिंग म्हणतात. अर्थिंगचा स्क्रू गंजला की वाट अडते आणि सगळे काम सुस्त होते.

मिस्त्रीने काय शिकवले?

दारे वाजू लागली तेव्हा आम्ही मोटार शहरात एका गॅरेजात दाखवली होती. तिथला कारागीर म्हणाला, "चारही मोटरी बदला." खर्च ऐकून आम्ही परत आलो आणि गप्प बसलो.

काच फुटली त्या संध्याकाळी आमच्या गावचा वायंडिंगचा मिस्त्री आला. तो शेतातले पंप दुरुस्त करतो. एके काळी आमच्याच शाळेत होता. आम्ही त्याला गॅरेजवाल्याचे म्हणणे सांगितले. तो हसला.

"गुरुजी, चारही कुलपे एकदम लागली ना?"

"हो, एकदम."

"मग चारही मोटरी चांगल्या आहेत. मेलेली मोटर कुलूप कशी लावेल? इथे कोणीतरी खोटा हुकूम देत आहे. पंप चालत नाही म्हणून आम्ही आधी पंप नाही बदलत जी. खांबापासून वीज पाहत येतो."

आम्ही चाळीस वर्षे मुलांना गणित शिकवले. पायरी सोडू नका, असे रोज सांगितले. आणि स्वतःच्या मोटारीत मात्र पायरी सोडून बसलो.

मिस्त्रीने आधी डबीपासून खटक्याच्या तारांची जोडणी सोडवली. थोडा वेळ दार हलवून पाहिले. 'खट्' बंद झाले. म्हणजे डबी चांगली होती. खोटा हुकूम दारातूनच येत होता. मग जोडणी परत लावली आणि दार अगदी हळू उघडले, हळू मिटले. दार अर्धे मिटले की नेमके 'खट्' वाजे. तीन वेळा केले, तीनही वेळा तिथेच.

दार आणि खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ एक रबराची नळी असते. दारात जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार उघडले-मिटले की तारा वाकतात. वर्षानुवर्षे वाकून त्यांचे कवच फाटते. मिस्त्रीने नळी बाजूला सरकवली. आत दोन तारांचे तांबे उघडे पडले होते. दार मिटताना त्या एकमेकींना टेकत होत्या. डबीला वाटे, कुलूप लावण्याचा हुकूम आला. पोराने दार ओढले तेव्हा हेच झाले होते.

हातभर नवी तार लागली. ना मोटर बदलली, ना डबी.

बिघाड शोधण्याची रीत

साहित्य थोडेच लागते. इंडिकेटरचा एक बारा व्होल्टचा बल्ब घ्या. त्याला दोन लांब तारा जोडा. हा झाला टेस्ट लॅम्प. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. आता आधी पाहा, ऐका आणि स्वतःला विचारा.

पहिला प्रश्न. एकच दार बंद आहे की सगळीच?

सगळीच बंद असतील तर उगमाकडे जा. आधी बॅटरी पाहा. इंजिन बंद असता भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बाराच्या खाली असेल तर बॅटरी उतरली आहे. मग फ्यूज पाहा. फ्यूजच्या आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्यावर आकडा लिहिलेला असतो. रंगही ठरलेले आहेत. दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठे तरी तार पत्र्याला टेकत आहे. ती शोधा. मग अर्थिंगचा स्क्रू घासून घट्ट करा. तरी काम झाले नाही तर खटका आणि डबी पाहा.

दुसरा प्रश्न. एकच दार बंद असेल तर त्या दारापर्यंत वीज येते का?

दाराचे आतले पॅड काढा. मोटरीच्या दोन तारांना टेस्ट लॅम्प लावा. दुसऱ्या माणसाला चालकाच्या दाराचे कुलूप लावा-काढा म्हणावे. वीज क्षणभरच येते, म्हणून नजर दिव्यावर ठेवा. दिवा लुकलुकला आणि मोटर हलली नाही, तर मोटर बिघडली आहे किंवा कुलपाची सळई अडकली आहे. सळई हाताने हलवून पाहा. पुष्कळदा धूळ आणि सुकलेले ग्रीस हेच कारण निघते. दिवा लागलाच नाही, तर तार वाटेत तुटली आहे. आधी बिजागरीजवळची नळी पाहा.

इथे एक फसगत होते. तारेचे बहुतेक धागे तुटून दोनच धागे उरले असतील, तर लहानसा दिवा लागतो, पण मोटर फिरत नाही. मोटरीला वीज जास्त लागते. म्हणून इंडिकेटरचा मोठा बल्ब घ्यावा. तो मिणमिणला तर तार अधू आहे असे समजा.

तिसरा प्रश्न. दारे आपोआप वाजतात का? लागलेले कुलूप लगेच निघते का?

तर खटका किंवा त्याच्या तारा पाहा. आमच्याप्रमाणे दार हळूहळू हलवून पाहा. पावसाळ्यातच असे होत असेल तर दारात पाणी शिरले आहे. दाराच्या खालच्या काठाला पाणी निघायची छिद्रे असतात. चिखलाने आणि पाल्याने ती बुजतात. काडीने मोकळी करा. पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका. तो पाणी अडवतो.

चौथा प्रश्न. किल्लीने चालते, पण रिमोटने चालत नाही?

तर बहुधा रिमोटमधला सेल संपला आहे. आधी तो बदला.

आणखी एक गोष्ट. मागचे दार बाहेरून उघडते, पण आतून मुळीच उघडत नाही. हा बिघाड नसेलही. मागच्या दाराच्या कडेला मुलांसाठी एक लहान खटका असतो. तो लागला असेल तर दार आतून उघडत नाही. आधी तो पाहा.

आणि आपल्याकडे उंदीर फार. तणशीच्या ढिगाजवळ मोटार उभी केली की उंदीर तारा कुरतडतात. मोटार तिथून लांब ठेवा.

काम करताना घ्यायची काळजी

तार जोडण्याआधी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडा. तुटलेल्या तारेइतकीच जाड आणि लवचीक तार घ्या. सांधा नळीच्या आत, जिथे तार वाकते तिथे ठेवू नका. तो खांबाच्या किंवा दाराच्या आत घ्या. सोल्डर करा आणि वर टेप गुंडाळा. तार ताणून बसवू नका, थोडी ढिली ठेवा.

फ्यूजच्या जागी साधी तार कधीही गुंडाळू नका. फ्यूज जळतो म्हणून मोटार वाचते. तार गुंडाळली तर मोटारच जळेल.

ज्या मोटारीत एअरबॅग आहे तिच्या एअरबॅगच्या तारांना हात लावू नका. त्या बहुधा पिवळ्या असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावणे धोक्याचे आहे. ते काम जाणत्याकडेच द्या.

मूल आत अडकले तर

दुसरी किल्ली जवळ असेल तर ती चालकाच्या दाराला लावा. वीज नसली तरी किल्लीने ते दार उघडते. किल्ली नसेल तर वाट पाहत बसू नका. मुलापासून दूरची बाजूची काच कोपऱ्यात टणक वस्तूने फोडा. बाजूच्या काचेचे बारीक तुकडे होतात. समोरची काच फोडत बसू नका, ती सहजी फुटत नाही. दुसऱ्या माणसाला ११२ वर फोन करायला सांगा. मूल गळून गेले असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

मोटार अंगणात असो की झाडाखाली, दारे लावा आणि किल्ली घरात उंच खुंटीला टांगा. आमची किल्ली आता तिथेच असते. शेजारचा पोरगा आता शाळेत जातो. मोटारीजवळून जाताना तो अजून तिच्याकडे वाकडी नजर टाकतो. दार मधूनच वाजले की आम्हीही आता हसत नाही. त्याच दिवशी टेस्ट लॅम्प काढतो.

सांगा पाहू

१. चारही कुलपे एकदम लागली, यावरून मिस्त्रीला काय कळले?

२. दिवा लागतो, पण मोटर फिरत नाही. याची दोन कारणे सांगा.

३. फ्यूजच्या जागी तार का गुंडाळू नये?

४. तुमच्या घरी मोटारीची किल्ली कुठे ठेवतात?