अनुमस्तिष्काचा मनाई हुकूम

दिवाळीच्या सुमारास नार्नूरच्या आसपासच्या गोंड वस्त्यांतून दंडारी निघते आणि मोरपिसांचा भव्य मुकुट मस्तकी धारण केलेले गुसाडी वाद्यांच्या ठेक्यावर गिरक्या घेऊ लागतात, तेव्हा तो डौल पाहणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की, पावलाचा अंदाज आणि देहाचा तोल राखण्याचा पुष्कळसा कारभार कवटीच्या मागील बाजूस वसलेल्या अनुमस्तिष्काकडे, म्हणजेच लहान मेंदूकडे, असतो.

त्याकडे येणाऱ्या मज्जातंतूंना विद्युत्-चेतना देऊन त्याच्या घडीदार बाह्यकाचे उत्तर टिपणारे प्रयोग अमेरिकेत रॉबर्ट डाऊ यांनी 1939 साली प्रसिद्ध केले. पुढे कॅनबेरा येथे जॉन एक्लिस यांनी भूल दिलेल्या मांजरांवर, काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे विद्युदग्र पेशींपर्यंत नेऊन, तेच काम इतक्या नेटाने चालविले की, मासाओ इतो व यानोश सेंटागोथाई यांच्यासमवेत 1967 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी अनुमस्तिष्काला मज्जापेशींचे यंत्र असेच संबोधिले.

बाह्यकाच्या पृष्ठभागी क्षीण आघात केला असता तो समांतर तंतूंच्या अरुंद पट्ट्यातून, सेकंदाला अर्ध्या मीटरहूनही कमी अशा संथ गतीने, पुढे सरकतो. त्या पट्ट्यातील पुर्किंजे पेशी, म्हणजे बाह्यकाचा निरोप बाहेर नेणाऱ्या मज्जापेशी, चेतविल्या जातात आणि दोन्ही अंगांच्या पेशी दडपल्या जातात. एकेका पुर्किंजे पेशीला लक्षाच्या घरात समांतर तंतू भिडलेले, आरोही तंतू मात्र एकच. तरीही त्या एकट्याला चेतविताच पेशीतून एक मोठे स्पंदन आणि त्यामागोमाग लहान स्पंदनांची लड उमटते. एवढ्या खटाटोपानंतर बाह्यकातून बाहेर पडणारा निरोप कोणता? इतो यांनी 1964 च्या सुमारास दाखवून दिले की, पुर्किंजे पेशींचा प्रत्येक निरोप हा निरोधाचा, मनाई हुकूमच असतो. या साऱ्या संशोधनात मला हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो, कारण हालचालीचे सौष्ठव वेळेवर आवरण्यातून घडते, हे त्याने विद्युत्-लेखाच्या पुराव्यानिशी सिद्ध केले.

अनुमस्तिष्क झिजले म्हणजे काय होते, याची हकीकत मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांनी स्वामी या सहकाऱ्यासह 1971 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नोंदविली: 9 कुटुंबांत पिढीजात चालत आलेला हा विकार, ज्यात चाल लटपटे आणि दृष्टी एका वस्तूवरून दुसरीकडे फिरविताना डोळे मंदगतीने वळत.

म्हणून वाचकांस आग्रहाची विनंती आहे की, गावात कोणाची चाल दिवसेंदिवस झोकांड्या खाऊ लागली, तर मद्यपानाचा ठपका ठेवण्यापूर्वी त्यास मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि घराण्यात पूर्वी कोणास असा त्रास होता काय, हे आठवून त्यांना अवश्य सांगावे.