टाके सुकले, तरी हाड जुळायचंय

हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या कर्जत-खालापूरकडची माणसं पनवेल नाहीतर मुंबई गाठतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरीब घरांनाही ते करून घेता येतं. पण घरी आल्यावर जखम सांभाळायची कुणी? ती आपणच.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारेने बांधतात. वरची कातडी 2-3 आठवड्यांत मिळून येते. आतलं हाड जुळायला मात्र 6 ते 12 आठवडे लागतात. घरात बाई चालतीफिरती दिसली की सगळ्यांना वाटतं, झाली बरी. मग ती हंडा उचलते. 15 लिटरचा हंडा म्हणजे 15 किलो! त्या ओढीने हाड हलतं, जखम उकलते आणि जंतू आत शिरतात. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर हंडा, मोळी, लहान मूल काहीही उचलायचं नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची.

जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. हळद, राख, तेल, पाल्याचा रस काही लावू नका. बायकांनी पुढून उघडणारी, मऊ सुती ब्रा घालावी. स्तनांचं वजन जखमेला ओढत नाही. छातीखालचा घाम टिपून जागा कोरडी ठेवा. पावसात ओले कपडे लगेच बदला. पायाची शीर काढली असेल तर तिथेही टाके असतात. तो पाय घेऊन लावणीच्या चिखलात उतरू नका.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी, नाहीतर जखम चिघळते. मिश्री आणि तंबाखू बंद. त्याने जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं. डाळ, कडधान्य, अंडं, ताजी मासळी खा. सुकटीत मीठ फार, ती टाळा. गोळ्या मध्येच सोडू नका.

ताप आला, जखम लाल झाली, पू किंवा वास आला, छातीत हाड कटकट वाजलं, तर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या दवाखान्याला फोन करा. धाप लागली तर 108 ला गाडी बोलवा.

आणि मैत्रिणींनो, बाई घरात असली की तिला बसू कोण देतं? म्हणून गटातल्या बाईचं ऑपरेशन झालं, तर 3 महिने तिच्या घरचं पाणी आपण पाळीपाळीने भरूया.